गोमाजी माझ्या देखरेखीखाली

१६ जून २०२४, रविवार. आंधळगाव

आजपासून रोजनिशी. घरात प्राणी आला आहे, आणि प्राणी पाळणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात असे इंटरनेटवर स्पष्ट लिहिले आहे.

प्राणी: जायंट मिलिपीड. पावसाळ्यात आपल्या भिंतींवर वाणी फिरतात, हात लावला की पैशासारखी गुंडाळी करून पडतात, त्यांच्याच खानदानातला. पण मोठा आणि ट्रॉपिकल. लांबी माझ्या पंजाएवढी, जाडी बोटाएवढी. रंग काळा, पाय तांबूस. पाय मोजले नाहीत. पाहवत नाही. म्हणजे, घाई नाही.

नागपूरहून आणला. दुकानदार म्हणाला, भुंकत नाही, चावत नाही, जिथे ठेवला तिथे पडून राहतो, सरकारी नोकरासारखा. मी हायस्कुलात सीनियर क्लार्क आहे हे त्याला माहीत नसावे.

डॉक्टरांनी बीपीच्या गोळीसोबत छंद सांगितला होता. आधी मासे आणले. मासे गेले. टाकी रिकामी होतीच.

नाव: कमांडो.

संकल्प: रोज हातावर घेणे. हातावर तो संथ चालतो आणि माणसाचे मन शांत होते, असे इंटरनेटच्या त्या पेजवर आहे. सुरुवात उद्यापासून. आज प्रवासाचा शीण आहे. त्याला.

१७ जून, सोमवार

घरच्यांच्या प्रतिक्रिया. रीना (पत्नी, सरकारी दवाखान्यात नर्स) टाकीत एकदा पाहून म्हणाली, याला कोण पाहणार ते आताच सांगा. म्हटले, मी. ती हसली नाही, पण स्कूटी सुरू करताना पाठ हलत होती. मनाली (कन्या, अकरावी) खूश.

माय म्हणाली, लोकं वाणी झाडूनं लोटून बाहेर टाकतेत, तू पैसे देऊन घरात आणला.

माय समोरच्या खोलीत खाटेवर असते. मार्चमध्ये न्हाणीत पडली. खुब्याचे हाड मोडले, भंडाऱ्याला ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणतात हाड जुळले, आता फक्त चालवा. राऊंड ठरवून दिले आहेत: मायला कमरेला धरून खाटेपासून दारापर्यंत न्यायचे, परत आणायचे. सकाळचा राऊंड रीना करते, ड्यूटीला जायच्या आधी. संध्याकाळचा माझ्याकडे.

आज संध्याकाळचा राऊंड झाला नाही. टाकीत पाणी शिंपडायचे होते.

२० जून, गुरुवार

मातीचा प्रश्न. पेज म्हणते, ओक झाडाची कुजकी पाने टाका. ओक आपल्याकडे नाही. कृषी केंद्रातून भारी माती आणली, पोत्यावर गुलाबाचे चित्र. टाकीत ओतणार तेवढ्यात माय खाटेवरून म्हणाली, औषध मारलेली माती नको टाकू, मरन तो. मोहाचा पालापाचोळा आण, खालचा काळा झालेला, अन् सडकं लाकूड. गोमाजीच्या बाडीत पडलं आहे.

गोमाजीकाका म्हणजे शेजारचे, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. बाडी म्हणजे त्यांच्या घरामागचा परसू. मोहाचा पाला आणला. याचा विचार माझ्या मनात आधीपासून होताच.

हाताळणी: टाकीच्या कामामुळे तहकूब.

२३ जून, रविवार

हाताळणीसाठी सुट्टीचा दिवस योग्य. रीनाकडून दवाखान्याचे ग्लोव्हज घेतले. झाकण काढले. कमांडो काकडीवर होता. जेवताना कोणालाही उचलू नये. झाकण लावले.

ग्लोव्हज घातलेच होते म्हणून भांडी घासली. रीना म्हणाली, हा किडा कामाचा आहे.

२७ जून, गुरुवार

मनालीला समजावत होतो की हा ट्रॉपिकल प्राणी आहे, याला आपल्यासारखे वागवून चालणार नाही. ती म्हणाली, बाबा, भंडारा जिल्हा ट्रॉपिकलच आहे. आपणही ट्रॉपिकलच. अकरावीत भूगोल कशाला घेतला कोण जाणे.

मायचा राऊंड: आज करणारच होतो. पण आभाळ दाटले होते, दारात अंधार. अंधारात चालवणे बरोबर नाही.

३० जून, रविवार

आज एक प्रकार झाला. सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर कोणी वेगळे सांगू नये.

मनालीला व्हॉट्सअ‍ॅपला फोटो टाकायचा होता: बाबा आणि कमांडो. म्हणाली, तुम्ही फक्त हात पुढे करा, मी ठेवते. मी हात पुढे केला. डोळे मिटले, कारण फोटोत माझे डोळे तसेही मिटलेले येतात. मनगटावर काहीतरी आले. ओलसर, आणि सगळे पाय एकामागून एक, लाटेसारखे. कोणीतरी माझ्या कातडीवर सावकाश मजकूर टाईप करत आहे असे वाटले.

हात आपोआप झटकला गेला. डॉक्टर याला रिफ्लेक्स म्हणतात.

कमांडो उडून मायच्या खाटेवर पडला, गोधडीवर. मी खुर्चीवर होतो. म्हणजे खुर्चीवर उभा. मनाली रडायला लागली. मायने गोधडीवरून त्याला अलगद उचलले, उघड्या हाताने, तळहातावर ठेवले. तो गुंडाळी करून पडला होता. माय त्याच्याकडे पाहत बसली. मग मला म्हणाली, कायले फेकते रे, जीव आहे तो. भेला बिचारा.

थोड्या वेळाने त्याने गुंडाळी सोडली आणि मायच्या हातावरून कोपरापर्यंत गेला. माय म्हणाली, गुदगुल्या होऊन राहिल्या. मार्चपासून ती हसल्याचे माझ्या लक्षात नाही. आज हसली.

माझ्या मनगटावर पिवळा डाग पडला आहे, टिंक्चरसारखा वास. घाबरला की तो असे सोडतो. धुऊन जात नाही.

२ जुलै, मंगळवार

शाळा सुरू. मुख्याध्यापिकाबाईंनी डाग पाहून विचारले, लागलं का. म्हटले, वन्य प्राणी हाताळताना होते कधीकधी. त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

घरी आलो तर मायने नाव बदलले. म्हणते, कमांडो काय नाव आहे, जिभेवर बसत नाही. गोमेच्या जातीचा आहे ना, मंग गोमाजी. मी म्हटले, कागदोपत्री कमांडोच राहील. मनाली म्हणाली, बाबा, कागद कुठे आहेत.

५ जुलै, शुक्रवार

नावामुळे घोळ. माय टाकीकडे पाहून म्हणत होती, गोमाजी, बाहेर ये रे बापा, किती वेळ मातीत तोंड घालून बसते. गोमाजीकाका शेजारून आले. विचारले, काय झालं वहिनी, काहून आवाज देऊन राहिल्या. मायने सांगितले. काका टाकीत वाकून बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले रागावतील. म्हणाले, पाय भारी आहेत याचे, माहे तर आताच दुखतेत.

तेव्हापासून रोज येऊन बसतात. चहा लागतो.

१४ जुलै, रविवार

टाकी मायच्या खाटेजवळच्या टेबलावर हलवली. निर्णय माझा. कारणे: एक, माझ्या खोलीत ऊन येते. दोन, तो फिरतो तेव्हा काचेवर बारीक खरखर होते आणि मला झोप लागत नाही. मालकी व जबाबदारी माझीच.

आता पाणी माय शिंपडते, खाटेवर बसूनच. काकडी माय कापते. अंड्याची टरफले कुटून माय टाकते. मी देखरेख करतो.

२८ जुलै, रविवार

रीनाने विचारले, तुम्ही आईंना एकदा तरी चालवलं का संध्याकाळी. मी कारणे सांगितली. सगळी खरी आहेत. ती म्हणाली, कारणं मला माहीत आहेत, मी चालवलं का ते विचारलं. मी म्हटले, उद्यापासून.

रीना गेल्यावर मायकडे गेलो. म्हटले, चल. मायने लगेच पाय खाली सोडले आणि हात पुढे केला. तिचा हात किती हलका झाला आहे. मी धरला. ती उठायला लागली आणि सगळे वजन माझ्याकडे आले, आणि माझ्या डोक्यात एकच: माझ्या हातातून पडली तर. मी तिला परत बसवले. म्हटले, आज तुझा चेहरा थकलेला दिसतो.

माय म्हणाली, बरं. आणि टाकीकडे वळली.

बीपी चेक केले. वाढलेले. छंद नीट करायला हवा.

११ ऑगस्ट, रविवार

गोमाजी (कमांडो) दिसत नाही. काकडी तशीच. झाकण जाग्यावर. मातीत गेला असणार.

पेज वाचले. कात टाकताना मिलिपीड मातीखाली खोली करून राहतो, अनेक आठवडे. या काळात अंग मऊ असते. अजिबात खोदू नये, मरू शकतो. हे वाक्य ठळक अक्षरात आहे.

ठरले. खोदणार नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन. दिवसभर मनात तेच. मेला असेल तर वास यायला हवा. वास घेतला. मातीचा वास. मासेही सुरुवातीला वास देत नव्हते.

माय म्हणते, अंगावरचं उतरवून राहिला असन, झोपू दे त्याले. गोमाजीकाकांचेही तेच मत. दोघांनी पेज वाचलेले नाही.

२५ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४

विसरण्याआधी लिहून ठेवतो.

रीना ड्यूटीवर, मनाली क्लासला. माय डोळे मिटून पडली होती. मी विचार केला की खोदू नये हे बरोबर, पण थोडी पाहणी करायला हरकत नाही. पाहणी आणि खोदणे यात फरक आहे. स्वयंपाकघरातून झारा आणला. कोपऱ्यातून सुरुवात केली, अगदी वरवर. माय म्हणाली, नको रे विनोद. ती जागीच होती. मी म्हटले, फक्त पाहतो.

झाऱ्याखाली माती एकदम खचली. आत पोकळी. पोकळीत तो, पण तो नव्हता: पांढुरका, मेणासारखा, अर्धा. आणि हलला.

झारा माझ्या हातातून कुठे गेला ते सांगता येत नाही. मी अंगणात गेलो. मोकळी हवा लागते अशा वेळी. नळाखाली डोके धरले. आतून माय हाका मारत होती: विनोद, माती लोट त्याच्यावर, उघडा पडला तो. विनोद, ये रे. मी येतो म्हटले. पाय येत नव्हते. हे बीपीमुळे असू शकते.

मग हाका थांबल्या. त्या थांबल्यावर मात्र मी आत गेलो.

माय उभी होती. खाट सोडून, टेबलाला वळसा घालून, टाकीच्या पलीकडच्या बाजूला, जिथे मी खोदले होते तिथे. ऑपरेशननंतर आणलेला वॉकर भिंतीला तसाच. एका हाताने टेबलाची कड धरलेली, दुसऱ्या हाताने चिमूट चिमूट माती पोकळीवर टाकत होती, लहान लेकराच्या अंगावर पांघरूण घालावे तशी. पाय थरथरत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाली, झाला. झाकला.

मी म्हटले, माय, तू उभी आहेस. म्हणाली, हो. मंग कोण उभं राहीन.

मी तिच्या मागे खुर्ची ठेवली. ती बसली. खुर्ची मी ठेवली, हे महत्त्वाचे.

२७ ऑगस्ट, मंगळवार

शांतपणे विचार केल्यावर असे दिसते की परवा जे घडले त्यात एक पद्धत होती. पेशंटला गरज निर्माण करून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचे. मी अंगणात थांबलो नसतो तर माय उठली असती का? नसती.

याला पेट थेरपी म्हणतात. त्यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलेले आहे.

रीनाला सांगितले. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

१५ सप्टेंबर, रविवार

गोमाजी वर आला. नवाकोरा, पॉलिश मारल्यासारखा. एका बाजूचे काही पाय आखूड आहेत, झाऱ्याच्या बाजूचे. मनाली म्हणते पुढच्या वेळी कात टाकेल तेव्हा येतील. माय म्हणाली, काही होत नाही, बाकीचे आहेत ना.

माय आता वॉकर घेऊन दारापर्यंत जाते, एकटी. गोमाजीकाका ओट्यावरून चाल चाल म्हणत असतात, गाडी रिव्हर्स घेतल्यासारखे.

संध्याकाळचा राऊंड माझ्याकडेच आहे. मी शाळेतून येईपर्यंत झालेला असतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे. भंडाऱ्याला. ते फार खूश झाले. विचारले, घरी यांना कोणी चालवलं. मी म्हटले, मी. थेरपी समजावून सांगणार होतो, पण बाहेर पेशंट होते. रीना माझ्याकडे पाहत राहिली. रिक्षात बसेपर्यंत पाहत होती.

२९ सप्टेंबर, रविवार

मायने विषय काढला. दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचे म्हणते. माझे वडील होते तेव्हा दोघे दर वर्षी जात. मागच्या वर्षी पाऊस म्हणून राहिले. या वर्षी जाईनच म्हणते.

मी सगळ्या बाजू मांडल्या. लाखो लोक. रांग. धक्काबुक्की. म्हटले, पुढच्या वर्षी व्यवस्थित प्लॅन करू, व्हीलचेअर पाहू.

मायने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, तू धरशीन ना मले?

म्हटले, पाहू.

खरे म्हणजे हो म्हणायचे होते. तोंडातून पाहू निघाले. ऑफिसची सवय.

६ ऑक्टोबर, रविवार

गुड्डीचा फोन. माझी धाकटी बहीण, कोंढ्याला दिलेली. म्हणाली, भाऊ, मायचा फोन आला होता. आम्ही गाडी करून चाललो नागपूरले, तिला घेऊन जातो. मी म्हटले, गुड्डी, तुला कल्पना नाही, तिची विशिष्ट पद्धतीने काळजी घ्यावी लागते. ती म्हणाली, कशी. मी सांगू लागलो तर म्हणाली, भाऊ, कुकर लागला आहे माझा.

मायने माझ्या नकळत फोन केला. कोणी लावून दिला? मनालीकडे पाहिले. ती अभ्यास करत होती. एवढा अभ्यास ती कधी करत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

गुड्डी आणि जावईबापू अमर सकाळीच आले. माय पांढरे लुगडे नेसून तयार. वॉकर नको म्हणाली, काठी घेतली. गोमाजीकाकांची.

गाडीपर्यंत चालत गेली. मी बाजूने चाललो, हात तिच्या कोपराजवळ ठेवून. लागला नाही, पण होता.

मग म्हणाली, गोमाजीले आण. दीक्षाभूमीवरून ती सरळ कोंढ्याला जाणार, काही दिवस राहणार, हे मला तेव्हा समजले. बाकी सगळ्यांना माहीत होते. मी म्हटले, गोमाजी राहू दे, तो माझा आहे. म्हणजे मी आणलेला आहे. माय म्हणाली, मंग हातात घेऊन दाखव, ठेवतो.

हे ती रागाने म्हणाली नाही. अगदी साधे म्हणाली. सगळे उभे होते. मी झाकण काढले. तो काचेवर चढत होता, पोटाकडची बाजू माझ्याकडे, सगळे पाय दिसत होते. आखूडही. मी हात आत घातला. घातला होता, हे खरे आहे.

मनालीने त्याला डब्यात घेतले, पाला घातला, झाकणाला भोके पाडली. डबा मायच्या मांडीवर.

रीना आणि मनालीही गेल्या. गाडीत माझ्यासाठी जागा होती. पण घरी कोणीतरी हवे.

सायंकाळी: घरी कोणीही आले नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

रीना आणि मनाली रात्रीच्या एसटीने परत आल्या होत्या. गर्दी फार होती, पण लोकांनी मायला वाट करून दिली. माय स्तूपापर्यंत चालली. मनालीने फोटो दाखवला. एका बाजूने रीनाने धरले आहे, दुसऱ्या बाजूने कोणी अनोळखी बाईने.

२० ऑक्टोबर, रविवार

टाकी रिकामी आहे. तरी पाणी शिंपडतो. माती तयार राहिली पाहिजे.

समोरच्या खोलीत खाट मोठी वाटते. गोमाजीकाका आले, आत डोकावले, वहिनी नाही का म्हणाले आणि गेले. चहा ठेवला होता.

मायला फोन. मी विचारले, कशी आहेस. म्हणाली, बरी आहो. गोमाजी भोपळा खाऊन राहिला. तू गोळी घेते का. म्हटले, घेतो. मग गुड्डीच्या नणंदेने हाक मारली आणि माय गेली. फोन चालूच राहिला. कोंबड्यांचा आवाज येत होता. थोडा वेळ ऐकला.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची सुट्टी. निर्णय पक्का झाला. माय आणि गोमाजी दोघांनाही परत आणायचे. रीनाला म्हटले, मुलाच्या घरी आई असावी, ही सरळ गोष्ट आहे. रीना म्हणाली, मग आणा. तिच्या तोंडून एवढा सरळ होकार मी अपेक्षिला नव्हता.

प्रस्तावाचे मुद्दे तयार केले: हवा, पाणी, दवाखाना जवळ, स्वतंत्र खोली. संध्याकाळचा राऊंड, कायमस्वरूपी.

या रविवारी गाड्यांना गर्दी. पुढच्या.

१० नोव्हेंबर, रविवार

कोंढ्याला जाऊन आलो. जसे झाले तसे लिहितो.

भंडाऱ्याहून पवनीची गाडी. दोन्ही बाजूंनी धान कापून पडलेला. बसमध्ये मुद्दे पाठ केले. गुड्डीला कळवले नव्हते, अचानक गेल्याने परिणाम होतो.

घराला कुलूप. ओट्यावर बसलो. शेजारची बाई बाहेर आली, गोदावरीबाई. पाणी दिले. म्हणाली, सगळे धान पाहाले गेले शेतावर, येतीन आता. मालनबाईही गेल्या. विचारले, तुम्ही कोण जी. म्हटले, मालनबाईंचा मुलगा, आंधळगावचा. बाईने माझ्याकडे नीट पाहिले. चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाली, अच्छा, भेतेत ते. बसा बसा, सावलीत बसा.

मी विचारले, भेतेत म्हणजे. म्हणाली, मालनबाई सांगतेत ना. पोरगा लय चांगला आहे म्हणतेत, मनाचा साफ, फक्त भेते. लहानपणापासून. पायाखाली काही सरकलं तर माह्या कडेवर चढे, म्हणतेत. आता मी म्हातारी झाली, कडेवर घेता येत नाही, म्हणून येऊन बसली इथं, म्हणतेत.

मी सावलीत बसलो.

माय आली. शेताकडच्या पांदणीने, काठी टेकत, गुड्डी बरीच मागे. पदराला गवताचे बी चिकटलेले. काळी झाली आहे. मला पाहून चाल वाढवली नाही, कमीही केली नाही. आली, शेजारी बसली, म्हणाली, काही झालं का रे. रीना बरी आहे ना.

मुद्दे मांडले. क्रम चुकला, दवाखाना आधी आला. माय ऐकत होती. गुड्डी कुलूप काढून आत गेली, अर्ध्यातून परत येऊन दारात उभी राहिली.

शेवटचा मुद्दा सांगितला: संध्याकाळी मी स्वतः तुला चालवीन. रोज.

माय म्हणाली, चालतो ना मी आता.

मग म्हणाली, तिथं तू धरशीन म्हणून वाट पाहून राहिली होती मी. चार वाजले की पाय खाली सोडून बसो. इथं वाट पाहाची कोणाची नाही. मंग उठतो अन् चालतो.

मी म्हटले, रोज बसत होतीस? म्हणाली, हो. तू आला की पाय वर घेवो. तुले वाईट वाटू नये म्हणून.



गोमाजी आतल्या खोलीत माठाच्या गारव्याला आहे. मोठ्या टोपल्यात. गुड्डीने विचारले, पाहता का. म्हटले, असू दे, झोपला असेल. माय म्हणाली, असू दे.

जेवलो. मायने वाढले, उभी राहून.

निघताना माय बसस्टॉपपर्यंत येते म्हणाली. मी नको म्हटले नाही. गुड्डीही सोबत निघाली. रस्त्यावर मळणीयंत्राचा ट्रॅक्टर आडवा उभा होता, बाजूने चिखलाची अरुंद वाट. मायने काठी गुड्डीकडे दिली, माझा हात कोपरापाशी धरला आणि मला पलीकडे नेले. चिखल मला दिसत होता. पण मी हात सोडवला नाही. तिची पकड घट्ट होती आणि चाल सावकाश, आणि बसस्टॉप जवळच होता.

बस आली. भरलेली. मायने खिडकीतून कंडक्टरला सांगितले, बाप्पा, माह्या पोराले भंडाऱ्यात नीट उतरवून द्या.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिले, मग पुढच्या सीटवरच्या तरुण मुलीकडे. ती उठली. म्हणाली, बसा काका.

मी बसलो.